लष्करी कायदा : शिपाई नागरिक आहे की नाही?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधान, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा या तीन जुन्या कायद्यांची जागा नव्या कायद्यांनी घेतली. गुलामगिरीच्या काळातील कायदे मोडीत काढले, असा डंका सरकार पक्षाने तेव्हा पिटला. नव्या पुस्तकांत नवे किती आणि जुन्याच कलमांना मिळालेले नवे क्रमांक किती, हा वाद स्वतंत्र आहे. तो येथे करावयाचा नाही. येथे विचार करावयाचा आहे तो त्या गाजावाजात कोणाच्याच ओठी न आलेल्या एका चौथ्या पुस्तकाचा. १९११ साली इंग्रज सरकारने हिंदी फौजेसाठी केलेल्या कायद्याचा सांगाडा घेऊन १९५० साली संसदेने सेना कायदा संमत केला. वायुसेनेचा कायदाही त्याच वर्षीचा, नौसेनेचा १९५७ चा. दहा लाखांहून अधिक माणसांची नोकरी, इभ्रत, स्वातंत्र्य आणि प्रसंगी प्राण ज्या कलमांवर टांगलेले आहेत, ती कलमे गुलामगिरीच्या खुणा पुसणाऱ्यांच्या नजरेतून सुटली. हा योगायोग नव्हे.

लष्करी कायद्याचा इतिहास ज्या देशातून आपल्याकडे आला, तेथेच तो एका संशयातून जन्मला आहे. १६८९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने असे ठरविले की, शांततेच्या काळात राजाने पार्लमेंटच्या संमतीवाचून खडी फौज बाळगू नये. आणि फौजेची शिस्त राखण्याचा कायदाही एका वेळी थोड्या मुदतीपुरताच असावा, म्हणजे तो पुन्हा मंजूर करून घेण्यासाठी राजाला लोकप्रतिनिधींपुढे यावेच लागेल. हा प्रघात पुढे शतकानुशतके चालला. आजही तेथे सशस्त्र दलांचा कायदा दर पाच वर्षांनी पार्लमेंटपुढे यावा लागतो. हिंदुस्थानात मात्र इंग्रजांनी फौज आणली, फटके आणले, तोफा आणल्या. हा संशय तेवढा मायदेशी ठेवला. येथे लष्करी कायद्याचे प्रयोजन वेगळे होते. १८५७ चा उठाव डोळ्यांसमोर असलेल्या राज्यकर्त्यांना असा कायदा हवा होता की, पलटणीचा गोरा मुख्य काळ्या शिपायाचा निकाल तिथल्या तिथे लावू शकेल.

त्या कायद्याने कोणाचे निकाल लावले हे आठवून पाहावे. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरात निःशस्त्र खुदाई खिदमतगारांवर गोळी चालविण्यास गढवाल रायफल्सच्या जवानांनी नकार दिला. त्यांचे पुढारी चंद्रसिंह गढवाली यांना लष्करी न्यायालयाने जन्मठेप ठोठावली. १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन या आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर याच १९११ च्या कायद्याखाली खटला उभा राहिला. भुलाभाई देसाईंनी तो लढविला. जन्मठेप झाली आणि जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती माफ केली, कारण देश पेटला होता. पुढल्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, मुंबईत 'तलवार'वरील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांविरुद्ध संप पुकारला. या सर्व माणसांचे पुतळे उभारले गेले, रस्त्यांना नावे दिली गेली. परंतु ज्या जातीच्या कायद्याने त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तो कायदा स्वतंत्र भारताने जपून ठेवला. आरोपींचा गौरव आणि आरोपपत्राच्या नमुन्याचे जतन, दोन्ही एकाच वेळी!

घटनाकारांना दोष देण्यात अर्थ नाही. फाळणीचा रक्तपात आणि काश्मीरचे युद्ध डोळ्यांसमोर असताना त्यांनी ३३ व्या अनुच्छेदाने संसदेला अधिकार दिला की, सैनिकांच्या बाबतीत मूलभूत हक्क आवश्यक तेवढे मर्यादित करावेत. सर्वोच्च न्यायालयाचा विशेष परवानगीने अपील ऐकण्याचा अधिकार आणि उच्च न्यायालयांचा देखरेखीचा अधिकार, या दोहोंतूनही लष्करी न्यायालये वगळण्यात आली. तथापि ३३ वा अनुच्छेद कर्तव्यपालन आणि शिस्त यांसाठी आवश्यक तेवढीच मुरड घालण्याची मुभा देतो. ती मुरड आजही तेवढीच आवश्यक आहे काय, हे तपासण्याचे काम संसदेचे. ते संसदेने केले नाही.

आता प्रत्यक्ष यंत्र कसे चालते ते पाहू. सेना कायद्यात चार प्रकारची लष्करी न्यायालये आहेत. जनरल कोर्ट मार्शलमध्ये निदान पाच अधिकारी बसतात, डिस्ट्रिक्टमध्ये निदान तीन, समरी जनरलमध्येही तीन. चौथ्या प्रकाराला समरी कोर्ट मार्शल म्हणतात, आणि सामान्य जवानाचा संबंध बव्हंशी याच्याशीच येतो. यात न्यायाधीश एकच : पलटणीचा कमांडिंग ऑफिसर. त्याच्या शेजारी आणखी दोघे, अधिकारी किंवा सुभेदार दर्जाचे, हजर असतात. पण त्यांना शपथ नसते, मत नसते. ते बसतात आणि पाहतात. आरोपीला वकील मिळण्याचा हक्क नाही. त्याला एक 'मित्र' घेता येतो. हा मित्र कानात सल्ला देऊ शकतो, मात्र साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ शकत नाही आणि न्यायालयापुढे बोलूही शकत नाही. असे हे न्यायालय, तो ऑफिसर लेफ्टनंट कर्नल वा त्याहून वरचा असेल तर, एक वर्षापर्यंत सक्तमजुरी देऊ शकते आणि नोकरीतून बडतर्फ करू शकते. इतर लष्करी न्यायालयांचे निर्णय वरिष्ठाने कायम केल्यावाचून अमलात येत नाहीत. याचा निर्णय मात्र सामान्यतः ताबडतोब अमलात येतो. कागद मागाहून वरिष्ठ सेनापतीकडे जातात. त्याला शिक्षा रद्द वा कमी करता येते, पण निव्वळ तांत्रिक कारणावरून नव्हे, असे कायदा बजावून सांगतो. लष्करी भाषेत 'तांत्रिक' म्हणजे काय, हे ज्याची उलटतपासणीच झाली नाही त्याला विचारावे.

हे न्यायालय अधिकाऱ्यावर चालत नाही. सुभेदारावरही चालत नाही. वायुसेनेत आणि नौसेनेत ते मुळात नाहीच. म्हणजे विमानाला इंधन भरणाऱ्या सैनिकाला जे संरक्षण आहे, ते बर्फात पहारा देणाऱ्या पायदळाच्या शिपायाला नाही. शिस्तीसाठी हे अपरिहार्य आहे म्हणावे, तर आकाशात आणि समुद्रावर शिस्त कशी राहते, याचे उत्तर कोणी देत नाही. खरे उत्तर इतिहासात आहे : १८५७ साली बंदूक उलटली होती ती पायदळाच्या शिपायाच्या हातातली.

या रचनेत काय घडू शकते, ते रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले. सिग्नल रेजिमेंटमधील या जवानाने आपल्यावर होणाऱ्या वागणुकीची तक्रार थेट वरिष्ठांकडे पाठविली. मार्ग सोडून तक्रार केल्याबद्दल त्याला २८ दिवसांची सक्तमजुरी मिळाली. ती भोगत असताना, मार्च १९८५ मध्ये, जेवण घेण्याचा हुकूम त्याने मोडला असा आरोप आला. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल बसले. शिक्षा : एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. न्यायासनावर कोण होते? ज्याच्याविरुद्ध तक्रार केली, तोच कमांडिंग ऑफिसर. न्यायासनावरील अधिकाऱ्याविषयी आरोपीचा काही आक्षेप आहे काय, हे विचारण्याची कायद्यातील तरतूदही पाळली गेली नव्हती. ऑक्टोबर १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली, शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अवास्तव असल्याचे म्हटले आणि जवानाला सर्व लाभांसह परत घेण्यास सांगितले. खटला गाजला, विधी महाविद्यालयांत शिकविला जातो. ज्या रचनेमुळे तो घडला ती रचना तशीच राहिली. निकडीचे गंभीर कारण असल्यावाचून समरी कोर्ट मार्शल बोलावू नये, ते अपवाद म्हणूनच वापरावे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली पुन्हा सांगावे लागले, यावरून अपवादाचा नियम कसा होऊन बसला होता ते दिसते.

या प्रश्नाची एक आर्थिक बाजू आहे, आणि कायद्याच्या चर्चेत ती हटकून गळते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव 'मिलिटरी' हे उपपद लावून ओळखले जाते. अशा गावांत जिरायत जमिनीचा तुकडा घर चालवीत नाही. ते चालते फौजेतून येणाऱ्या पैशावर आणि पुढे पेन्शनवर. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते. नियम असा की, सेना कायद्याखाली बडतर्फ झालेल्याचा आधीच्या सर्व सेवेबद्दलचा पेन्शनचा आणि ग्रॅच्युइटीचा हक्क जातो. अपवादात्मक प्रकरणी राष्ट्रपतींच्या मर्जीने काही मिळाले तर मिळाले. चौदा वर्षे सेवा झालेल्या जवानाला एका दुपारी, वकिलावाचून, एका अधिकाऱ्याच्या सहीने बडतर्फ केले, तर त्याचे नुकसान त्या दुपारचे नसते. पुढल्या तीस-चाळीस वर्षांचे त्याचे पेन्शन, त्यामागून त्याच्या विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन आणि माजी सैनिक म्हणून मिळणाऱ्या सवलती, असे सर्व भांडवल तेथे जप्त होते. दिवाणी न्यायालयात एवढ्या रकमेचा दावा लावायचा तर किती पुरावे, किती तारखा, किती अपिले! कारखान्यातील कामगाराला काढताना आरोपपत्र, चौकशी आणि औद्योगिक न्यायालयाचा दरवाजा लागतो. तोही कामगार चळवळीने लढून मिळविला. शिपायाला संघटना करण्याचीच बंदी आहे. तेव्हा त्याच्या वतीने बोलणारे बाहेरचेच असणार.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत व्यवस्थेला कनवाळू होता येते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. कमांडर नानावटी यांना मुंबई उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप दिली, त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली, ती अशासाठी की त्यांना तुरुंगात न जाता नौदलाच्या कोठडीत राहता यावे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम टिकू दिला नाही, ते निराळे. एखाद्या नायकासाठी वा लान्स नायकासाठी कोणा राज्यपालाने तासाभरात लेखणी उचलल्याचे उदाहरण शोधावे लागेल.

दाद मागण्याच्या मार्गाची कथाही अशीच लांबलेली आहे. १९८२ साली पृथीपालसिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लष्करी न्यायालयांची रचना घटनाबाह्य ठरविण्यास नकार दिला. परंतु पुराव्याची फेरतपासणी करणारे एकही अपील नसावे, ही ढळढळीत उणीव असल्याचे स्पष्ट सांगितले आणि ती भरून काढण्याची अपेक्षा व्यक्त केली. १९९९ साली विधी आयोगाने १६९ व्या अहवालात तेच सांगितले. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा झाला २००७ मध्ये, न्यायाधिकरण प्रत्यक्ष सुरू झाले ऑगस्ट २००९ मध्ये. एका अपिलासाठी सत्तावीस वर्षे! आणि त्यातही मेख अशी की, समरी कोर्ट मार्शलने बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून अधिक कैद दिली असेल तरच न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडतो. तीन महिने सक्तमजुरी ही किरकोळ बाब ठरली. शिवाय ज्या संरक्षण मंत्रालयाविरुद्ध येथे दाद मागायची, त्याच मंत्रालयाच्या प्रशासनाखाली हे न्यायाधिकरण चालते. त्याच्या निकालावर उच्च न्यायालयात जाता येईल काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नकारार्थी आणि मार्च २०२३ मध्ये होकारार्थी उत्तर दिले. मधल्या आठ वर्षांत खेड्यातील बडतर्फ जवानाने दिल्लीला जाऊन सर्वोच्च न्यायालयापुढे 'सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा' मांडावा, अशी अपेक्षा होती.

या कायद्याला दुसरीही एक बाजू आहे, आणि सैनिकाविषयीच्या आस्थेपोटी ती झाकणे योग्य नव्हे. जो कायदा शिपायावर कठोर आहे, तोच गणवेशातील माणसाने नागरिकावर अन्याय केला असता फार वेळा मवाळ होतो. मार्च २००० मध्ये अनंतनाग जिल्ह्यातील पथरीबल येथे पाच माणसे ठार झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाने २००६ साली लष्करी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. खटला फौजदारी न्यायालयात की लष्करी न्यायालयात, ही निवड कायदा लष्करावर सोडतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती लष्कराला करू दिली, आणि जानेवारी २०१४ मध्ये पुरावा नाही म्हणून लष्कराने प्रकरण खटल्यावाचून मिटविले. २०१० च्या माछिल प्रकरणी लष्करी न्यायालयाने जन्मठेपा दिल्या, हे नमूद केले पाहिजे. २०१७ साली न्यायाधिकरणाने त्या स्थगित केल्या. वर आणि खाली दोन्हीकडे दोष एकाच जागी आहे : खटला भरावा की नाही हे ठरविणारा, न्यायाधीश नेमणारा आणि निकाल कायम करणारा हा सारा अधिकार एकाच आज्ञासाखळीत गुंफलेला आहे. त्या साखळीला सोयीचे ते होते. कधी शिपाई चिरडणे सोयीचे असते, कधी अधिकारी वाचविणे.

शिस्तीचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गोळ्यांच्या वर्षावात हुकमावर चर्चा करता येत नाही, आणि दगा देणाऱ्या एकामुळे दहांचे प्राण जातात. समाजवाद्यांनी हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जगातील ज्या फौजांचे दाखले आपले सेनानी एरवी उठल्याबसल्या देतात, त्यांनी काय केले ते पाहावे. ब्रिटनमध्ये न्यायालय नेमणारा अधिकारीच त्याचे सभासद निवडतो आणि निकालही कायम करतो, ही पद्धत युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९७ साली फिंडले खटल्यात निःपक्षपाती नसल्याचे ठरविले. ब्रिटनने १९९६ पासूनच कायदा बदलण्यास प्रारंभ केला होता, २००६ साली तिन्ही दलांसाठी एकच कायदा केला. पहिल्या महायुद्धात पळपुटेपणा, भ्याडपणा यांसारख्या आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना त्याच कायद्याने मरणोत्तर माफी दिली. आपल्या कायद्यात शत्रूसमोर भ्याडपणा दाखविण्यास आजही मृत्युदंड आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२३ पासून खून, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत खटला भरण्याचा निर्णय कमांडरकडून काढून स्वतंत्र अभियोक्त्याकडे देण्यात आला. जर्मनीत तर सैनिकाचा गुन्हा सामान्य फौजदारी न्यायालयातच चालतो, आणि सैनिकांची संघटना १९५६ पासून आहे. या तिन्ही देशांच्या फौजा काही मोडून पडल्या नाहीत.

आपल्याकडे काळानुरूप बदल झालेच नाहीत, असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने आंतर-सेवा संघटनांचा कायदा केला आणि तो १० मे २०२४ पासून लागू झाला. संयुक्त तळाच्या प्रमुखाला आता तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीची कारवाई करता येते. शिक्षा करणाऱ्याची अडचण होती, ती तत्परतेने दूर झाली. शिक्षा भोगणाऱ्याच्या अडचणीचा त्यात एक शब्द नाही. तिन्ही दलांना जोडायचेच होते, तर तिन्ही दलांच्या शिपायाला समान न्याय देणारी एक संहिता करण्याची संधी समोर होती. जुन्या कायद्याच्या बाराव्या कलमात स्त्रिया सरकारने मुभा दिली तरच भरतीस पात्र, हे वाक्य अजून आहे. अधिकाऱ्याने सहकाऱ्याच्या पत्नीचे 'प्रेम चोरणे' हा आरोप अजून ठेवला जातो, जणू पत्नी हा भांडारातील साठा असावा. ६३ व्या कलमाखाली 'सुव्यवस्था व लष्करी शिस्तीस बाधक' या मोघम शब्दांवर सात वर्षांपर्यंत कैद देता येते. काय बाधक, हे वरिष्ठ ठरवितात.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यापासून प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. चार वर्षांनंतर तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के तरुण ठेवायचे आणि कोणाला ठेवायचे हे त्यांच्या कामगिरीच्या मूल्यमापनावरून ठरवायचे, अशी ही योजना. पेन्शन नाहीच. अशा तरुणाने निकृष्ट अन्नाबद्दल किंवा घरगड्याच्या कामाला जुंपल्याबद्दल तक्रार करावी, असे वाटत असेल तर त्याला निर्भय राहता येईल अशी न्यायव्यवस्था आधी हवी. एरवी तो चार वर्षे गप्प बसेल, आणि फौजेला आपल्या पोटातील दुखणे कळणारही नाही.

सीमा सुरक्षा दलासारख्या केंद्रीय दलांची स्थिती याहून बिकट आहे. १९६८ च्या कायद्याने तेथेही समरी पद्धतीचे न्यायालय आहे, सशस्त्र सेना न्यायाधिकरण मात्र त्यांना लागू नाही. २०१७ च्या जानेवारीत त्या दलातील एका जवानाने जळक्या पोळ्या आणि पाणचट डाळ यांची चित्रफीत लोकांपुढे ठेवली. एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. १९४६ च्या खलाशांचीही पहिली तक्रार अन्नाचीच होती.

कायदा बदलेपर्यंत करण्यासारखे काम आहे, आणि ते जिल्ह्याच्या कार्यकर्त्यांच्या आवाक्यातले आहे. बडतर्फ होऊन गावी परतलेला जवान बहुधा लाजेने घराबाहेर पडत नाही, आणि तोवर मुदती टळून जातात. लष्करी न्यायालयाच्या कामकाजाची प्रत मागण्याचा त्याला हक्क आहे; ती प्रत प्रथम मिळवावी. न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईत आहे. तेथे अर्जाला ठराविक मुदत असली, तरी पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. सैनिकी परंपरेच्या तालुक्यांत माजी सैनिकांच्या संघटना आहेत, त्यांत जुने सुभेदार आहेत, ज्यांनी समरी कोर्ट मार्शलमध्ये बिनमताचे शेजारी म्हणून बसून सारे पाहिलेले असते. त्यांना आता बोलण्यास आडकाठी नाही. त्यांच्याकडून अशा प्रकरणांची तालुकावार नोंद करून घ्यावी आणि ती आपल्या खासदाराच्या हाती द्यावी. संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे आजवर तोफांच्या किमती आल्या, विमानांचे करार आले. ही नोंदही तिच्यापुढे जाऊ द्या.